मापवहीत डाग नसलेलं नाव

मास्तरांच्या दुकानात सत्तावीस मापवह्या आहेत. एकतीस वर्षांत ज्याच्या ज्याच्या अंगाला त्यांनी टेप लावली, तो प्रत्येक माणूस त्या वह्यांत आहे. नाव, छाती, कंबर, बाही, उंची आणि शेवटी शेरा. माप सगळेच शिंपी लिहितात, शेरा फक्त आमचे मास्तर लिहितात. ‘पोट आत घेऊन माप देतो.’ ‘ट्रायलला येतो म्हणतो, येत नाही.’ ‘स्वतः गप्प, बायको भांडते.’ आडनावाला त्यांच्या वहीत जागा नाही. त्यांचं म्हणणं, आडनाव घराण्याचं असतं, माप ज्याचं त्याचं.

मी या दुकानात बावीस वर्षं काजं करते आणि बटणं लावते, म्हणून सगळे मला काजबाई म्हणतात. माझी जागा खिडकीपाशी, कटिंगच्या टेबलाकडे पाठ करून. पण पाठ टेबलाकडे असली की कान आपोआप तिकडेच असतात. बोटं गुंतलेली आणि कान रिकामे, अशा अवस्थेत बावीस वर्षांत मी जे जमवलंय, ते लिहून काढायचं तर मास्तरांच्या वह्यांशेजारी आणखी एक फळी ठोकावी लागेल.

दुकानाच्या वरच मास्तरांचं घर. तिथे मास्तर, वहिनी, मुलगा आणि सून अशी चार माणसं होती, आणि गेल्या महिन्यात पाचवं आलं. नातू दवाखान्यातून घरी आला तो थेट कटिंगच्या टेबलावर. मास्तरांनी त्याला राखाडी अस्तराच्या कापडावर ठेवलं, डोक्यापासून टाचेपर्यंत टेप धरली आणि जाहीर केलं, “नवीन नमुना आला!”

झालं. नाव ठरेपर्यंत ‘नमुना’ म्हणायचं ठरलं. आणि नाव काही ठरेना.

नाव भारतीय हवं, या एका गोष्टीवर मात्र लगेच एकमत झालं. आमच्या रस्त्यावर दहा मुलखांतली माणसं आहेत. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या मुलाचं नाव नीट उच्चारायला मला दोन वर्षं लागली. मुलानं पहिल्याच दिवशी एका फुटबॉलपटूचं नाव सुचवलं होतं. मास्तरांनी हातातली कात्री टेबलावर ठेवली. मास्तर काम थांबवून कात्री खाली ठेवतात तेव्हा मोठं काहीतरी घडलेलं असतं. नाव भारतीयच असणार, हे तिथेच ठरलं.

अडचण दुसरीच होती, वह्यांतल्या गिऱ्हाइकांची. दुकान बंद करायच्या आधी अर्धा तास नावांची बैठक बसायची. मास्तर टेबलाशी, वहिनी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर, मुलगा फोन घेऊन दारात. हा मुलगा गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर शिकाऊ माणसाशेजारी बसून त्याला अशी सवय लागलीय की घरात वाद चढायला लागला की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो. त्या ब्रेकचा आजवर कुणावरही परिणाम झालेला नाही.

“कौस्तुभ,” मुलगा म्हणाला.

“चार वर्षं सफारी न्यायला येतोय,” वहिनी म्हणाल्या. मास्तर लिहितात आणि वहिनी लक्षात ठेवतात, अशी त्यांची वाटणी आहे. “परवा भाजीवाल्याकडे दिसला. म्हणाला, उद्या येतो.”

“देवदत्त?”

“खिळे,” मास्तर म्हणाले.

“कुठले खिळे?”

“त्याच्या खिशातले. तीन अस्तरं फाडलीत.”

“बरं, निशिकांत?”

“डावा पाय पाऊण इंच आखूड.”

“बाबा, त्यात त्या माणसाचा काय दोष?”

“दोष कोण म्हणतंय? चांगला माणूस आहे. पण मी नातवाला हाक मारणार आणि मला तो डावा पाय दिसणार. ते तुला चालेल?”

मुलाचा पाय फरशीवर दाबला गेला. त्यानं फोनवर बोट सरकवलं. “हे बघा, हे अगदी नवीन आहे. वह्यांत असणं शक्यच नाही. रियांश.”

“किती वेळा घ्यायचं?” वहिनींनी विचारलं.

“काय?”

“अरे, दिवसातून दोनदा की तीनदा? जेवणाआधी की नंतर? तशा गोळ्या येतात ना.”

असं चालायचं. सुरुवातीला मी मेलेल्या प्रत्येक नावामागे एक टाचणी उशीत खोचत होते. चौथ्या आठवड्यात टाचण्या संपल्या. हेमांग पोटामुळे गेला, सौमित्र बायकोमुळे. उन्मेषचं सगळं जमलं होतं. मास्तर, वहिनी, मुलगा तिघंही हो म्हणाले होते. तेवढ्यात वहिनींना आठवलं की उन्मेष नावाच्या माणसानं याच स्टुलावर बसून आपल्या धाकट्या भावाच्या कपड्यांचं माप चोरून बघितलं होतं, त्याचा कोट आपल्यापेक्षा भारी तर नाही ना म्हणून. उन्मेष गेला.

या बैठकांत सून बसायची कोपऱ्यात, बाळाला मांडीवर घेऊन. एका शब्दानं बोलायची नाही. मला वाटायचं, बाळंतपणाचा थकवा असेल. पण माझ्या मनातल्या हिशेबात दुसरंच काही जमा होत होतं. लग्नाला चार वर्षं झाली. पडद्यांचा रंग वहिनींनी ठरवला, बाबागाडी मुलानं आणि दुकानदारानं मिळून ठरवली, तिनं नोकरीवर कधी परत जायचं ते मास्तर, वहिनी आणि डॉक्टर यांनी ठरवलं. तिच्या पसंतीचं म्हणून घरात एक पायपुसणं आलं होतं. ते आता मागच्या दाराशी असतं. दुष्ट कुणी नाही हो त्यांच्यात. फक्त तिघंही तिच्यापेक्षा चटकन बोलतात.

छत्तिसाव्या दिवशी टपालवाला आला आणि दारातूनच म्हणाला, “काय म्हणतोय नमुना?” त्याच्यामागून बेकरीवाल्याची बायको, तिला आमची भाषा येत नाही, तीही हसून बाळाच्या गालाला बोट लावत म्हणाली, “न-मू-ना.” मी सुनेकडे पाहिलं. तिचा चेहरा असा झाला, जसा नव्या पांढऱ्या कापडावर इस्त्रीचा डाग पडल्यावर गिऱ्हाइकाचा होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मास्तर वर आडवे झाले असताना, ती बाळाला घेऊन माझ्यापाशी आली.

“मावशी, सहा आठवड्यांत नाव नोंदवायला लागतं. पाच दिवस राहिले. त्यानंतर प्रतिज्ञापत्र, अर्ज, कुणाकुणाच्या सह्या.”

“होईल गं. ठरेल.”

“ते ठरणार नाही. याचं नमुनाच होणार. शाळेत जाईल तेव्हा मुलं विचारतील, कसला नमुना?” ती बाळाकडे बघत होती. मग आवाज उतरवून म्हणाली, “माझ्याकडे एक नाव आहे.”

मी सुई ठेवली. “मग बोलली का नाहीस?”

“या घरात नाव तोंडातून बाहेर पडलं की दोन मिनिटांत मरतं. पासष्ट मेली, मी मोजलीत. हे मेलेलं मला बघवणार नाही.”

तिनंही मोजली होती म्हणजे. माझ्या मनात तिच्याबद्दलचा आदर एकदम चार इंचांनी वाढला.

ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर असते. आलेल्यांची नावं लिहायची आणि एकेकाला आत पाठवायचं. सहा वर्षं रोज तीस-चाळीस नावं पुकारलेली. ती म्हणाली, “दात दुखणारा माणूस स्वतःचं नाव ऐकून कसा उठतो बघितलंय का? कुणी पिशवी आवळून धरतो. कुणी ऐकूच आलं नाही असं दाखवतो. एक बाई तर शेजारच्या बाईकडे बोट दाखवायच्या. पण मुकुल नावाचे तीन जण आले आमच्याकडे. एक म्हातारे, कवळी बसवायला आलेले. एक ट्रकवाला, गाल एवढा सुजलेला. आणि एक पहिलीतला मुलगा. मी ‘मुकुल’ म्हटलं की तिघंही हसत उठले.”

“तीनच?” मी विचारलं. एवढ्याशा मालावर मी सौदा करत नाही.

“तीनपैकी तीन, मावशी. दाताच्या दवाखान्यात.”

मनातल्या मनात मी सौदा मान्य केला.

“आणि हे नाव रागानं घेताच येत नाही. म्हणून बघा.”

मी दोऱ्याच्या रिळाकडे डोळे वटारले आणि जेवढं जमेल तेवढं दरडावून म्हटलं, “मुकुल!” गरम गरम जेवायला बोलावल्यासारखं झालं ते.

“बघा,” ती म्हणाली. “हा उद्या भिंतीवर रेघोट्या ओढेल, शेजाऱ्याची काच फोडेल, मी ओरडेन. पण हाकेतून त्याला कळत राहील की घरात या म्हणतेय, बाहेर जा नाही. मला तेवढंच हवंय.” मग ती मूळ मुद्द्यावर आली. “तुम्ही वह्या बघाल? आहे का कुठे? आणि असला तर कसला शेरा आहे?”

दुपारची दोन तास सवड मिळते. दोन दुपारी लागल्या मला. प्रत्येक वहीच्या शेवटी नावांची यादी आहे, अक्षरवार. म वरून आठवड्याला पुरतील इतके माधव आणि मनोहर निघाले. सहाव्या वहीत, मी दुकानात यायच्या आधीच्या काळातली ती, एकच मुकुल होता. पान काढलं.

‘मुकुल. कोट, राखाडी. छाती अडतीस, बाही चोवीस. शेरा: दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. चूक माझी. कापड शिल्लक नाही. गिऱ्हाईक हसलं. तसाच घालून गेलं.’

मी ते तीनदा वाचलं.

ज्यांना शिवण येत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहीचं कापड एक-एक करून कापायचं असेल तर दुसऱ्या वेळी कागदाचा साचा उलटा ठेवायचा. विसरलात तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. शिवण शिकायला आलेल्याकडून ही चूक पहिल्या महिन्यात होते आणि त्याचा कान पिळला जातो. आणि आमचे मास्तर दिवसातून किमान दोनदा, प्रत्येक नव्या गिऱ्हाइकासमोर, कात्री वर धरून सांगतात, “एकतीस वर्षं झाली, ही कात्री एकदाही चुकलेली नाही.” वहिनींना हे वाक्य इतकं पाठ आहे की त्या मागून ओठ हलवतात. वहिनींना त्या कोटाचं माहीत असतं तर मास्तरांचं ते वाक्य दुसऱ्या दिवसापासून बंद झालं असतं. म्हणजे त्यांना माहीत नव्हतं. हे गुपित फक्त त्या पानाला आणि मास्तरांना माहीत होतं, आणि आता मला.

सुनेला मी ते वाचून दाखवलं. तिला आधी हसू आलं, मग ती खाली बसली.

“म्हणजे माणूस चांगला होता.”

“माणूस सोन्यासारखा. पण तुझ्या सासऱ्यांना ते नाव रोज घरात ऐकायचंय का? सकाळ-संध्याकाळ? आपली सगळ्यात मोठी चूक ‘मुकुल, इकडे ये’, ‘मुकुल, दूध पी’ म्हणत घरभर रांगणार. ते काहीतरी खोट काढतील बघ. त्या माणसाला दारुड्या ठरवतील.”

“हं.”

“त्यापेक्षा माझं ऐक. ही वही घे आणि एकट्या मास्तरांना गाठ. म्हणावं, बाबा, नाव मुकुल ठेवायचं, नाहीतर आईंना पान दाखवते. दोन मिनिटांत काम होईल.”

मी हे अगदी गंभीरपणे सांगितलं, खोटं कशाला बोलू. मला तो बेत फार आवडला होता.

ती बाळाच्या टोपीची नाडी सारखी करत होती. “नको, मावशी. याच्या नावाची सुरुवात कुणाला घाबरवून नको. तो मोठा झाल्यावर विचारेल, माझं नाव कसं ठेवलं? काय सांगू?”

मी वही होती तिथे ठेवून आले. थोडी शरम वाटली, जास्त नाही.

त्याच संध्याकाळी मास्तरांनी बैठकीत कागद पुढे केला. त्यांनी काही रात्री जागून सत्तावीसच्या सत्तावीस वह्यांच्या याद्या तपासल्या होत्या. “आता वाद बंद. ज्याच्या नावावर एकही शेरा नाही, असं नाव शोधलंय. आपल्याकडे या नावाचा माणूस कधी आलाच नाही.”

“कसा येईल?” वहिनींनी कागद वाचून म्हटलं. “घटोत्कच शर्ट शिवायला येतो होय?”

“ते तिसऱ्या नंबरला आहे. पहिलं बघ.”

पहिलं होतं ‘वज्रनाभ’.

मुलानं ब्रेक दाबला.

“भारतीय आहे, जुनं आहे, डाग नाही,” मास्तर बोटांवर मोजत म्हणाले. “आणखी काय पाहिजे?”

“भारदस्त आहे खरं,” वहिनी विचार करत म्हणाल्या. इतके दिवस नावांचे खून पाडून त्याही थकल्या होत्या. “आणि त्या नावाचं कुणी आठवत तर नाहीच.”

मुलानं बायकोकडे पाहिलं. “तुला काय वाटतं?”

ती म्हणाली, “हाक मारून बघूया.” आणि बाळाकडे वाकून म्हणाली, “वज्रनाभ.” बाळ दचकलं आणि रडायला लागलं. मास्तर म्हणाले, भूक लागली असेल.

शनिवार हा शेवटचा दिवस. नोंदणी कार्यालयाची खिडकी शनिवारी एकला बंद होते. सगळे निघाले, आणि मला सामानाची पिशवी धरायला घेतलं. खरं तर पिशवी वहिनीही धरू शकल्या असत्या. पण मी येते म्हटलं. सहा आठवडे पाठ करून ऐकलेलं प्रकरण शेवटी तरी तोंडासमोर बघावं असं मला वाटत होतं.

लांब हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, भिंतीवर नंबराचा लाल दिवा. आमचं टोकन अठ्ठ्याऐंशी. आमचा नंबर लागला तेव्हा साडेबारा झाले होते. खिडकीत चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणलेल्या एक बाई होत्या. मास्तरांनी आदल्या दिवशी सुंदर अक्षरात भरून ठेवलेला फॉर्म पुढे सरकवला.

बाईंनी वाचला. मग चष्मा वर केला आणि पुन्हा वाचला.

“हे काय लिहिलंय? ‘इतर तपशील’ मध्ये?”

“तपशील,” मास्तर म्हणाले.

“‘छाती साडेचौदा. बाही सहा. मान आखूड, हात लांब. ट्रायलला रडतो.’”

आमच्यामागे एकोणनव्वद नंबरवाला फस्सकन हसला.

“बरोबर आहे,” मास्तर शांतपणे म्हणाले. “मी स्वतः घेतलंय माप. कालचं आहे, ताजं.”

“अहो आजोबा, इथे कुठल्या दवाखान्यात जन्म झाला ते लिहायचं होतं!”

“ते विचारायचं होतं तर तसं लिहायला हवं. तपशील म्हटलं की मी तपशील देणार.”

“अहो,” वहिनींनी डोक्याला हात लावला, “सरकारी कागदावर शेरा लिहिलात?”

“हा फॉर्म चालायचा नाही,” बाई म्हणाल्या. “खाडाखोड करता येत नाही. हा घ्या नवीन. आणि आता आई किंवा वडिलांनी भरा, आजोबांनी नको. एकला मी खिडकी लावते.”

मुलाच्या दोन्ही हातांत बाळ होतं. मास्तरांनी फॉर्मकडे हात नेला, बाईंनी नुसतं बघितलं, मास्तरांनी हात मागे घेतला. तो कोरा कागद आणि दोरीला बांधलेलं पेन सुनेच्या पुढ्यात आलं.

तिनं उभ्या उभ्याच भरायला सुरुवात केली. तारीख, दवाखाना, वडील, आई, पत्ता. भराभर. कामच आहे तिचं ते. बाळाच्या नावाची ओळ तेवढी मोकळी ठेवून ती खालपर्यंत गेली आणि परत वर आली. पेन त्या ओळीवर थांबलं. घड्याळात बारा पन्नास.

मी तिच्या बाजूलाच होते. मनात म्हटलं, लिही पोरी. चार अक्षरं सुद्धा नाहीत. तू लिहिलंस की झालं, मग घरी जाऊन काय व्हायचं ते होऊ दे. कुणाला कळणारसुद्धा नाही घरी पोचेपर्यंत.

तिनं पेन खाली ठेवलं.

“बाबा, मला एक नाव सुचवायचंय.”

एवढं मोठ्यानं मी तिला चार वर्षांत बोलताना ऐकलं नव्हतं. तो तिचा काउंटरवरचा आवाज होता; सगळ्यांत मागच्या खुर्चीपर्यंत जाणारा. हॉलमधल्या निम्म्या माना वळल्या.

“आत्ता?” मुलगा म्हणाला.

“आत्ता. मुकुल.”

सवयीप्रमाणे सगळे मास्तरांकडे बघायला लागले. शेऱ्याची वाट बघत. मास्तरांचं तोंड अर्धं उघडं होतं. मी इतकी वर्षं या माणसाचा चेहरा बघतेय, पण त्यावर असं काही कधी बघितलं नव्हतं. घाईत कुलूप लावून निघालेल्या माणसाला अर्ध्या वाटेत शंका यावी, तसं.

“मुकुल,” वहिनी कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. “मुकुल, मुकुल... माझ्या लक्षात नाही कुणी. अहो, आपल्याकडे कुणी होता का मुकुल?”

मास्तर हातातल्या टोकनचा नंबर वाचायला लागले.

“होता वाटतं. मग काय होतं त्याचं? पोट? पाय?”

“होता,” मास्तर म्हणाले. “उंच होता. म्हणजे... तसा फार उंच नव्हता.”

“मग?”

“आवडत नसेल तर नाही लिहिणार, बाबा,” सून म्हणाली. तिचा आवाज आता रोजचा झाला होता. “तुम्ही नुसतं नाही म्हणा. कारण नाही सांगितलंत तरी चालेल.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी पिशवीची चेन उघडायला लागले. उघडून पुन्हा लावली. पण ते माणसांची मापं घेणारे, एका नजरेत त्यांना कळलं असणार की कुणीतरी सहावी वही काढलेली आहे. आणि हेही कळलं असणार की वही हातात असूनही सुनेनं ती वापरली नाही.

“आजोबा, आठ मिनिटं,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

“त्याच्यात काही खोट नव्हती,” मास्तर म्हणाले. “मीच त्याच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या.”

वहिनींना आधी कळलंच नाही. “कुणी?”

“मी.”

“तुम्ही?”

“अगं हो, मी! या हातांनी! कापड संपलेलं, दुसऱ्या दिवशी त्याची नोकरीची मुलाखत. मी त्याला म्हटलं, माझा कोट घालून जा. तो माझा कोट घालून आरशासमोर उभा राहिला, तर अगदी बुजगावण्यासारखा दिसायला लागला. मग त्यानं स्वतःचाच घातला. उजवा हात असा वाकडा राहत होता. आणि तो हसायला लागला. मला म्हणाला, मास्तर, काळजी करू नका, हा हात मी खिशात ठेवतो, साहेबाला वाटेल किती निवांत माणूस आहे.”

“मग?” एकोणनव्वद नंबरवाल्यानं विचारलं. तो एव्हाना आमच्या रांगेतच उभा होता.

“मग काय? लागली नोकरी.”

“अगंबाई!” खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

“पुढे वर्षभर कपडे शिवायला माझ्याकडेच यायचा. आला की दारातूनच, हळू आवाजात, मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणायचा, मास्तर, या वेळी एक उजवी. बास, एवढंच. कधी कुणाला सांगितलं नाही त्यानं. मग बदली झाली, गेला.” मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, तो आधीच स्वच्छ होता. “मी एकतीस वर्षं सगळ्यांवर शेरे लिहितोय. त्यानं माझ्यावर लिहायचा होता, तर तो हसला.”

मग वहिनींच्या खांद्यांना हळूहळू हादरे बसायला लागले. मला वाटलं, रडतात की काय. त्या हसत होत्या. तोंडावर पदर धरून, पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“दोन्ही डाव्या!” त्यांनी कसंबसं म्हटलं. “आणि मला रोज ऐकवता! कात्री कधी चुकली नाही! अहो, मी त्या कात्रीला रोज नमस्कार करायचाच काय तो बाकी ठेवलाय!”

“हस,” मास्तर म्हणाले. “हस पोटभर. आता जन्मभर हसशील हे ठाऊक आहे मला.” आणि सुनेकडे वळून, जरा खाकरून, “तू काय थांबलीयस? लिही की. चार मिनिटं राहिलीत.”

“नक्की ना, बाबा? रोज हाक मारावी लागेल.”

“मारीन. तेवढाच वचक राहील कात्रीवर.”

मुलगा बाळाला जरा वर घेऊन म्हणाला, “मुकुल.” नुसतं बघायला, कसं वाटतं ते. मग आणखी एकदा म्हणाला, या वेळी कुणी बघत नाही असं समजून. त्याचा पाय जागच्या जागी होता, कुठलाही ब्रेक दाबत नव्हता.

सुनेनं ओळ भरली. बाईंनी फॉर्म घेतला, वाचला, शिक्का मारला आणि पावती बाहेर सरकवली. सुनेनं ती पावती घडी न घालता, तळहातावर आडवी धरली, शाई ओली असल्यासारखी. ती ओली नव्हती, छापील होती.

दारापर्यंत पोचेस्तोवर वहिनींचं हसू ओसरलं आणि मूळ स्वभाव परत आला. “हे झालं ते झालं,” त्या म्हणाल्या. “पण पुढच्या नातवंडाचं नाव मी ठेवणार. आत्ताच सांगून ठेवते.”

सून हसत होती. काउंटरवरच्या त्या आवाजात ती म्हणाली, “चालेल, आई. पण टोकन घ्यावं लागेल.”